पेट्रोल कुणाचं?

सातिवलीत काय बनत नाही ते विचारा. बाटल्यांची झाकणं बनतात. झाकणं ज्या साच्यात ओततात तो साचा शेजारच्या गाळ्यात बनतो आणि साच्याचे बोल्ट त्याच्या पलीकडच्या. पंख्याची पाती, कुलपं, पलंगाचे पाय, औषधांचे खोके, लग्नाच्या हॉलमधल्या सोनेरी खुर्च्या, सगळं वसई पूर्वेच्या गोखिवरे, वालीव, सातिवली या पट्ट्यातल्या कुठल्या ना कुठल्या गाळ्यातून टेम्पोत चढतं आणि महामार्गावर जाऊन अडकतं. मी यातल्या काही गाळ्यांचे हिशेब लिहितो, त्यामुळे काय बनलं यापेक्षा काय उधारीवर गेलं हे मला जास्त पाठ.

विमान तेवढं इथे बनत नाही. ते तुंगारेश्वरच्या डोंगरावरून जातं. गाळ्यातला माणूस त्याच्यासाठी मान वर करत नाही, कारण लेथवर मान वर केली की बोट खाली राहतं. पोरं मात्र करतात. पंचवीस मजली टॉवरची जाहिरात ज्यांच्या घरासमोर लागलेली आहे ती पोरंसुद्धा विमान दिसलं की हात हलवून ‘टाटा’ करतात. (दुसरे टाटा पुढे येतील.) वरच्या माणसाला हे दिसत नाही, हे सांगणारं कोणी भेटेपर्यंत पोरं मोठी होतात आणि टाटा करणं आपोआप बंद पडतं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या बाजूच्या एका मंगल कार्यालयात मुलांसाठी करिअर मेळावा भरला होता. त्यात ‘विमान क्षेत्र’ असा एक कोपरा होता. कोपऱ्यात प्लायवूडचं विमान उभं केलेलं, वैमानिकाच्या तोंडाच्या जागी गोल भोक. भोकातून तोंड काढायचं आणि आईने समोरून फोटो घ्यायचा. शेजारच्या टेबलावर पत्रकं. पत्रकावर निळं आभाळ, हसरी मुलगी, आणि खाली इतक्या बारीक अक्षरात फी, की ती वाचायलाच वैमानिकाची नजर हवी. एका मुलाने टेबलामागच्या गृहस्थांना विचारलं, ‘काका, तुम्ही विमान चालवता?’ काका म्हणाले, ‘मी ॲडमिशन बघतो.’ उद्घाटक वसई फाट्याच्या अलीकडे अडकले होते. ते पोचले तेव्हा पोरं पांगली होती, म्हणून भोकात त्यांनीच तोंड घातलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला तो हाच फोटो. विमान क्षेत्रात सातिवलीचा एकच माणूस गेला, असं म्हणायला हरकत नाही.

ही हकीकत मी माझ्या भाच्याला फोनवर सांगितली. भाचा अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, मिलवॉकीजवळ राहतो. आठवडाभर संगणकापुढे बसतो आणि सुट्टीच्या दिवशी विमान उडवतो. विमान एकट्याचं नाही, चौघांच्या भागीदारीतलं, चार माणसांचं जुनं सेसना. ते भाच्याहून वयाने मोठं आहे. माझी बहीण त्याच्या उडण्याला कधीच सरावली. तिला चिंता विमानाच्या वयाची. ‘इतकं वय झालेल्याला आपण जिना चढू देत नाही,’ असं तिचं म्हणणं.

भाचा म्हणाला, ‘मामा, तुमचं ते भोक बुजवा. इथे आम्ही पोरांना खरोखर वर नेतो.’

‘किती घेता?’

‘काही नाही. फुकट.’

मी फोन कानापासून दूर धरून बघितला. आवाज भाच्याचाच होता.

त्याने सांगितलं ते असं. तिकडे हौशी विमानवाल्यांची एक संघटना आहे, एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन. १९५३ साली मिलवॉकीला पॉल पोबरेझ्नी नावाच्या माणसाने ती काढली. घरी स्वतःच्या हाताने विमान बांधणारे लोक एकत्र आले, आणि सुरुवातीचा कारभार या पोबरेझ्नींच्या घराच्या तळघरातून चालला. १९९२ साली या संघटनेने ‘यंग ईगल्स’ नावाचा उपक्रम सुरू केला. आठ ते सतरा वर्षांच्या कोणत्याही मुलाने आईबापाची सही आणायची. जवळच्या छोट्या धावपट्टीवर ठरलेल्या शनिवारी आसपासचे वैमानिक आपापली विमानं घेऊन उतरतात, मुलाला विमानाभोवती फिरवून पंख कशासाठी, शेपूट कशासाठी हे दाखवतात, पट्टा बांधतात आणि पंधरा-वीस मिनिटं वर फिरवून आणतात. खाली आल्यावर सही केलेलं प्रमाणपत्र, आणि एका मोठ्या नोंदवहीत मुलाचं नाव. राइट बंधूंच्या उड्डाणाला १७ डिसेंबर २००३ ला शंभर वर्षं होणार होती, तोवर दहा लाख मुलं वर न्यायची असा त्यांचा संकल्प होता. तो वेळेत पुरा झाला. २०१६ मध्ये आकडा वीस लाखांवर गेला आणि ती वीस लाखावी मुलगी ज्या विमानात बसली ते हॅरिसन फोर्ड हा सिनेमातला नट चालवत होता. हा माणूस काही वर्षं या उपक्रमाचा अध्यक्ष होता आणि अध्यक्ष असूनही त्याने काम केलं, तीनशेहून जास्त मुलं वर नेली. त्याच्यानंतर अध्यक्षपदाला जोडी मिळाली: हडसन नदीत विमान उतरवून सगळे प्रवासी वाचवणारे सलनबर्गर आणि त्यांचे सहवैमानिक स्काइल्स. पोराला विमानाची भीती वाटते म्हणणाऱ्या आयांना गप्प करायला याहून चांगली नेमणूक सुचत नाही.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गाळ्यावर सांगितलं. डबे उघडे होते, त्यामुळे कोणाला उठून जाता येत नव्हतं.

शेठ पहिल्यांदा बोलले. ‘पेट्रोल कुणाचं?’

‘वैमानिकाचं.’

‘म्हणजे संस्थेचं.’

‘नाही शेठ, त्याच्या स्वतःच्या खिशातलं. विमान त्याचं, वेळ त्याचा.’

शेठनी चपातीचा तुकडा खाली ठेवला. ‘मग त्याला कशात सूट मिळते?’

टर्नर मिस्त्री जौनपूरचे. त्यांनी जगाचा अनुभव एका वाक्यात आणला: ‘फ्री में ले जाएगा तो नीचे उतारके कुछ बेचेगा जरूर.’ टेम्पोवाल्याला तेल, सूट, विक्री यांच्यात रस नव्हता. त्याची शंका धंद्यातली होती. ‘पोरांना सोडलं की तो आपल्या गावी रिकामा जातो का? परतीचा माल नाही?’ वीस वर्षं भिवंडीहून रिकामं परत येऊ नये म्हणून धडपडलेल्या माणसाला रिकामं परतणारं विमान ही कल्पनाच सहन होत नव्हती. मी म्हटलं, रिकामाच जातो. त्यावर त्याने ‘च्’ केलं, आणि ते त्या संपूर्ण उपक्रमाला लागू होतं.

मला राग आला नाही. पहिला प्रश्न माझ्याही मनात तोच आला होता. आपल्याकडे कोणी काही फुकट देऊ लागला की आपण वस्तू बघत नाही, देणाऱ्याचा खिसा बघतो. रक्तदानाला गेलो तर बिस्किटाच्या पुड्यावर फोटो कुणाचा ते आधी वाचतो, आणि तो वाचून झाल्यावर महापालिकेची निवडणूक किती लांब आहे याचा अंदाज घेतो. अंदाज सहसा चुकत नाही. त्यामुळे संशय ही इथली खोड नसून शिक्षण आहे.

पण आपल्याकडे असा माणूस झालाच नाही असंही नाही. मी त्यांना ॲस्पी इंजिनिअर आणि जे. आर. डी. टाटांची गोष्ट सांगितली. १९३० साल. आगाखानांनी बक्षीस लावलं होतं: इंग्लंड ते हिंदुस्थान किंवा उलट, एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला पाचशे पौंड. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले, ॲस्पी तिकडून इकडे. ॲस्पी तेव्हा सतरा वर्षांचा पोरगा, म्हणजे आजच्या नियमाने यंग ईगल्समध्ये मागच्या सीटवर बसायच्या वयाचा. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. ॲस्पीचं विमान खोळंबलेलं, कारण जास्तीचे स्पार्क प्लग नव्हते. टाटांकडे होते. त्यांनी काढून दिले. ॲस्पी निघाला, आधी पोचला आणि बक्षीस जिंकला. टाटा काही तासांच्या फरकाने हरले. हाच ॲस्पी पुढे १९६० साली हवाई दलाचा प्रमुख झाला.

गाळ्यात थोडा वेळ शांतता होती. स्पार्क प्लग ही सगळ्यांच्या रोजच्या ओळखीची वस्तू, त्यामुळे गोष्ट विमानापेक्षा जवळ आली होती. मग शेठ म्हणाले, ‘चलान तरी केलं असेल.’

मिस्त्रींनी मात्र मान हलवली. रात्री अकरा वाजता समोरच्या गाळ्याचं मशीन अडलं की आपल्याकडचं बेअरिंग काढून देणारा हा माणूस. तो गाळा आमचाच धंदा करतो आणि आमच्याच गिऱ्हाइकाला स्वस्त भाव देतो. शेठना हे माहीत नाही. हिशेबात ते ‘किरकोळ झीज’ या सदरात असतं आणि ते सदर मी लिहितो.

याच टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन पस मॉथ जातीचं लहानसं विमान अहमदाबादमार्गे जुहूला आणलं. टाटांची नियमित हवाई टपालसेवा तिथून सुरू झाली. अहमदाबाद ते जुहू अशी नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ जवळजवळ वसईच्या किल्ल्यावरून जाते. तेव्हा खाली कोणी हात हलवून टाटा केला असेल तर तो पहिल्यांदाच योग्य माणसाला पोचला. आणि शेठच्या प्रश्नाचंही उत्तर त्या प्रवासात आहे: अहमदाबादला विमानाचं पेट्रोल आलं ते बैलगाडीतून, डब्यांत भरून. जुहूचं तेव्हाचं मैदान समुद्राच्या इतकं जवळ आणि इतकं सखल, की पावसाळ्यात ते पाण्याखाली जायचं आणि सगळा कारभार पुण्याला हलवावा लागायचा. १० जुलै २०१८ ला नालासोपारा-विरारमध्ये पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीतून ज्यांना आपत्ती दलाच्या माणसांनी बाहेर काढलं, त्यांना या विमानतळाबद्दल आपुलकी वाटायला हवी. फरक एवढाच की विमानवाल्यांकडे हलायला पुणं होतं.

हाच प्रवास टाटांनी १९८२ मध्ये पुन्हा केला, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, एकट्याने. तरुण पोरांना थोडी उमेद यावी, एवढाच त्यामागे विचार. मग १५ ऑक्टोबर २०२१ ला आरोही पंडित या मुंबईच्या मुलीने तोच मार्ग धरला. कराची आता परदेश, म्हणून तिने भुजहून सुरुवात केली आणि जुहूला उतरली. त्याआधी २०१९ मध्ये तिने असल्याच चिमुकल्या विमानातून एकटीने अटलांटिक महासागर ओलांडला होता. आमच्याकडे एकटीला रात्री वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला रिक्षा मिळवून दाखवणं ही चाचणी मानली जाते, त्यामुळे या मुलीबद्दल बायकांनी विशेष चौकशी केली. ‘एकटीच? आणि वाटेत थांबायला काही?’ बर्फ आहे, म्हटलं.

गाळ्यात सर्वांत गाजली ती मात्र कॅप्टन अमोल यादव यांची गोष्ट. ते वैमानिक, तेव्हा नोकरी विमान कंपनीत, आणि कांदिवलीत आपल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचं विमान बांधलं. बांधून झालं तेव्हा ते लिफ्टने उतरण्यासारखं नव्हतं. सुटं केलं, क्रेनने खाली घेतलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये बीकेसीत ‘मेक इन इंडिया’च्या वेळी लोकांसमोर मांडलं. नोंदणी मिळायला नोव्हेंबर २०१७ उजाडलं. विमानाचा नोंदणीक्रमांक व्हीटी-एनएमडी. त्यातल्या अक्षरांत नरेंद्र मोदी आणि देवेंद्र फडणवीस दोघेही मावतात. उडवून बघायचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये आला. म्हणजे विमान बांधायला लागली त्याहून थोडीच कमी चिकाटी कागद मिळवायला लागली. मी हे रंगवून सांगत होतो: इंजिन कुठून, पंख कसे, गच्चीवर पावसाळ्यात काय केलं असेल. सगळे ऐकत होते. शेवटी एकाने विचारलं आणि बाकीच्यांनी ताबडतोब दुजोरा दिला, ‘सोसायटीने परवानगी कशी दिली?’

प्रश्न खरा आहे. आमच्या गच्चीला कुलूप आहे. किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि सेक्रेटरी विरारला मुलीकडे असतात. गच्चीवर पापड वाळत घालायचे तर लेखी अर्ज, आणि पापडांना बाहेरच्या माणसाचा हात लागणार असेल तर सर्वसाधारण सभा. या देशात गुरुत्वाकर्षणावर मात करणारे बरेच निघतील, गच्चीची किल्ली मिळवणारा हा एकच.

फेब्रुवारी २०१८ मध्ये यादवांच्या कंपनीशी राज्य सरकारने पस्तीस हजार कोटी रुपयांचा करार केला. पालघर जिल्ह्यात १५७ एकरांवर विमानांचा कारखाना. त्या दिवशी सातिवलीत विमान हा विषय पहिल्यांदा गंभीरपणे बोलला गेला. पोरांना काय शिकवावं, कुठला डिप्लोमा करावा, वगैरे कोणी काही बोललं नाही. जागा नेमकी कुठे, आणि त्याच्या शेजारची कोणाची, एवढंच.

भाच्याने एकदा तिकडच्या मोठ्या मेळ्याचं वर्णन केलं. दर वर्षी जुलैच्या अखेरीस विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश या गावी या संघटनेची जत्रा भरते आणि त्या आठवड्यात तिथे आणि आसपासच्या धावपट्ट्यांवर मिळून दहा हजारांच्या घरात विमानं उतरतात. एवढी विमानं उतरवायची युक्ती ऐकून मी खुर्चीत सरसावून बसलो. रिपन नावाचं एक गाव आहे, तिथून फिस्क नावाच्या खेड्यापर्यंत रेल्वेचे रूळ जातात. विमानांनी त्या रुळांवरून, १८०० फूट उंचीवर, एकामागे एक, अर्धा मैल अंतर ठेवून, सगळ्यांनी एकाच वेगाने यायचं. मागचा पुढे घुसला की चालत नाही. रेडिओवर कोणी बोलायचं नाही. खाली गुलाबी शर्ट घातलेले लोक दुर्बीण घेऊन उभे असतात, ते सांगतात, ‘पिवळं विमान, पंख हलव,’ आणि पिवळ्याने फक्त पंख हलवायचे, कळलं म्हणून. धावपट्टीवर रंगीत ठिपके रंगवलेले असतात. तू हिरव्यावर उतर, तू नारिंगीवर. एकाच पट्टीवर एका वेळी अनेक.

मी म्हटलं, ‘अरे, ही तर सकाळची विरार लोकल. रूळ तेच, एकामागे एक तेच, बोलायला जागा नाही तेही तेच, आणि पाय टेकवायचा ठिपका ठरलेला. फक्त मागचा पुढे घुसत नाही, तेवढं तुमच्या लोकांना शिकवायला हवं.’

त्या जत्रेत मुलांसाठी वेगळा भाग असतो. तिथे म्हातारे कारागीर मुलांच्या हातात रिव्हेटचं हत्यार देतात आणि पत्र्याला पत्रा जोडायला शिकवतात. आमच्याकडे पत्र्याला पत्रा जोडणारे हात जागोजागी आहेत. पण गाळ्यात दहा वर्षांच्या पोराच्या हातात रिव्हेट दिली तर कामगार निरीक्षक येतो, आणि यायलाच हवा. म्हणून मिस्त्रींचा मुलगा दाराबाहेर उभा राहून बघतो. बाप काय करतो ते त्याला मोबाइलमधल्या व्हिडिओपेक्षा लांबून दिसतं.

एव्हाना गाळ्यात एक गोष्ट झाली होती. संशय संपला नव्हता, पण नियोजन सुरू झालं होतं. आपल्याकडे हे दोन्ही एकाच वेळी चालतं. समजा, असे पाच-सहा वैमानिक खरोखरच सातिवलीच्या मुलांसाठी आले, तर?

पहिली अडचण वयाची. आठ ते सतरा म्हटल्यावर आपल्याकडचा युवक संपूर्ण वगळला जातो. आमच्या नाक्यावरच्या फ्लेक्सवर जे युवा नेते आहेत त्यातल्या सर्वांत धाकट्याच्या मुलीचं लग्न मागच्या मे महिन्यात झालं. त्यांना सोडून युवकांचा कार्यक्रम करायचा म्हणजे मांडव कोण घालणार? दुसरी अडचण पाहुण्यांची. तिकडचा वैमानिक उतरतो, पोर बसवतो, उडतो. इकडे तो उतरला की त्याला आधी मंचावर नेणार, शाल घालणार, नारळ देणार. शाल घालून विमान चालवता येतं का मला माहीत नाही. नारळ मांडीवर ठेवून येत नसावं. त्याच्या सत्काराला दीपप्रज्वलन, दीपप्रज्वलनाला पंखा बंद, आणि पंखा म्हणजे विमानाचा पंखा, कारण त्याच्या वाऱ्याने समई विझते. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून विमानतळावर खांबाला कापडी नळी बांधलेली असते, तिचा खर्च वाचेल. फ्लेक्स कुठल्या बाजूला फाटला ते बघून उतरायचं.

तिसरी, स्वयंसेवकांची. ऑशकॉशचे स्वयंसेवक उतरलेली विमानं जागेवर लावतात. आमचे छातीला बिल्ला लावून मंचाच्या पायऱ्यांवर उभे राहतात, खुर्च्या हलवतात आणि जेवणाच्या पहिल्या पंगतीला असतात. त्यांच्याशिवाय कार्यक्रम होत नाही हे खरं, आणि त्यांच्यामुळे पोरांना काही दिसत नाही हेही.

शेवटची अडचण सरकारची, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपल्याकडे खासगी विमानवाल्याला वाटलं म्हणून उठून कुठेही जाता येत नाही. उड्डाणाचा आराखडा द्यावा लागतो, हवाई संरक्षणाकडून क्रमांक घ्यावा लागतो, उड्डाण माहिती केंद्राकडून दुसरा क्रमांक घ्यावा लागतो, आणि उतरायला मंजूर धावपट्टी लागते. शिवाय आमच्या डोक्यावरचं आभाळ मुंबई विमानतळाच्या रहदारीने भरलेलं. तेव्हा जवळची सोय म्हणजे पुण्याला हडपसर. तिथे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं ग्लायडिंग केंद्र आहे, पन्नासच्या दशकापासूनचं. ग्लायडरला इंजिन नसतं. जमिनीवरचं यंत्र लांब तारेने त्याला ओढतं आणि पतंगासारखं वर सोडून देतं. मग वाऱ्यावर तरंगत खाली. सामान्य माणसालाही थोडे पैसे भरून त्यात बसता आलेलं आहे. हे ऐकून शेठच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा प्रसन्नता आली. इंजिन नाही, म्हणजे पेट्रोल नाही, म्हणजे प्रश्नच नाही. ‘हे खरं विमान,’ ते म्हणाले.

बाकी आपल्याकडे विमान दाखवतात ते लांबून आणि एकदम शंभर जणांना. जानेवारी २०२४ मध्ये मरीन ड्राइव्हवर हवाई दलाने तीन दिवस कवायती केल्या. सूर्यकिरणची लाल-पांढरी विमानं, सारंगची हेलिकॉप्टरं. आमच्या इमारतीतली निम्मी माणसं लोकलने चर्चगेटला गेली आणि मान धरून परत आली. ती विमानं सुंदरच उडतात, यात वाद नाही. पण मला भाच्याने सांगितलेली एक मुलगी जास्त लक्षात राहिली. दहा-अकरा वर्षांची, मेक्सिकोहून आलेल्या गवळ्याची पोर. वर गेल्यावर पाच मिनिटं काही बोलली नाही. मग भाच्याने तिला चक्र धरायला सांगितलं. तिने धरलं, डावीकडे वळवलं, विमान डावीकडे वळलं, आणि ती त्याला म्हणाली, ‘हे मी केलं का?’ हो म्हटल्यावर तिने ते ताबडतोब उजवीकडे वळवून पाहिलं. खात्री करायला. याच्या पुढच्या फेरीत एका मुलाने पिशवीत नाश्ता परत केला. तेही उपक्रमात धरलेलं असतं, पिशवी सीटच्या खिशात आधीच ठेवलेली असते.

मला वाटतं यात पेट्रोल ही सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. महाग आहे ती वीस मिनिटं, ज्यात एक मोठा माणूस एका लहान माणसाला आपल्या हातातलं चक्र देतो आणि भाषण करत नाही. आपल्याकडे दोन्हीचा तुटवडा.

मी हे गाळ्यावर बोललो नाही. पण मिस्त्रींनी शनिवारी, शेठ वसई गावात गेलेले असताना, आपल्या मुलाला लेथपाशी उभं केलं. मशीन बंद होतं, मेनस्विच काढलेला. मुलाने चक्र फिरवलं, टूलपोस्ट सरकला. मग उलटं फिरवलं. कामगार कायद्यात बंद मशीनबद्दल काय आहे ते मी शोधलं नाही, शोधायचा विचारही नाही.

भाचा डिसेंबरात येतोय. येताना रेडिओवर चालणारं छोटं विमान आणणार आहे आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांना ते शिकवणार आहे, परवानगी वगैरे काय लागते ते बघून. फोनवर त्याने विचारलं, ‘मामा, तिथलं मैदान लांबीला किती असेल? गंमत म्हणून विचारतोय. आमचं सेसना किती जागेत उतरेल त्याचा हिशेब घालून बघतो.’

मी गंमत न समजता मैदान सांभाळणाऱ्या मंडळाकडे गेलो. तिथे चौघे कॅरम खेळत होते. मी विमान म्हटल्यावर कोणी वर बघितलं नाही. तारीख सांगितली तेव्हा एकाने वही काढली. त्या शनिवार-रविवारी अंडरआर्मचे सामने आहेत, बत्तीस संघ, चषक आलेले आहेत. त्यांनी आपसात थोडी चर्चा केली आणि निर्णय दिला: विमानाला हरकत नाही, पण जेवणाच्या सुट्टीत यायचं, पिचवरून न्यायचं नाही, आणि एंट्री फी आधी भरायची.